टोपिकाचा जॉन स्लॉटर : इंजिनिअर ते कुलगुरू

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचा इतिहास म्हटला, की आपल्यासमोर ठरावीक चित्रे येतात. गुलामांचा बाजार, लिंकनचे युद्ध, मार्टिन ल्यूथर किंग यांचा वॉशिंग्टनचा मोर्चा. हे सारे खरेच आहे, आणि आपल्या माणसांना ते जवळचेही वाटते. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांनाच अर्पण केले. बाबासाहेबांनी १९४६ साली तिकडचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. पुढे १९७२ ला मुंबईत आपल्या तरुणांनी संघटना काढली, तिचे नावही तिकडच्याच ब्लॅक पँथरवरून घेतले. म्हणजे नाते जुने आहे.

पण बंधू-भगिनींनो, मोर्चाने दार उघडते तेव्हा कुणीतरी आत जावे लागते. आत गेल्यावर खुर्ची मिळते, फाईल समोर येते, सही करावी लागते. त्या खुर्चीवर बसलेल्यांचा इतिहास आपल्याकडे कुणी फारसा सांगत नाही. म्हणून या स्मरणिकेसाठी मी डॉ. जॉन ब्रुक्स स्लॉटर यांची हकिकत निवडली. ते विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. देशाच्या विज्ञान संस्थेचे प्रमुख झाले, एका प्रचंड सरकारी विद्यापीठाचे आणि नंतर एका छोट्या कॉलेजचेही प्रमुख झाले. त्यांच्या नावाने पुतळे नाहीत. पण आपल्या घरात जे मूल आज बारावीला विज्ञान घेऊन बसले आहे, त्याच्या आई-बापाला या माणसाची गोष्ट ठाऊक असावी असे मला वाटते.

जॉनचा जन्म १६ मार्च १९३४ चा. गाव टोपिका, कॅन्सस राज्याची राजधानी. वडील फारसे शिकलेले नव्हते. जुने फर्निचर विकायचे आणि पडेल ते काम करायचे. कॅन्सस हे काही दक्षिणेतले कट्टर राज्य नव्हे, गुलामगिरीविरुद्ध लढलेले राज्य. तरीसुद्धा १८७९ च्या तिथल्या कायद्याने १५ हजारांवर वस्ती असलेल्या शहरांना काळ्या मुलांसाठी वेगळ्या प्राथमिक शाळा ठेवायची मुभा होती. टोपिकात गोऱ्यांच्या १८ शाळा आणि काळ्यांच्या ४. जॉन अशाच वेगळ्या शाळेत शिकला.

याच गावातल्या १३ पालकांनी १९५१ ला शाळा मंडळाविरुद्ध दावा लावला. ऑलिव्हर ब्राऊन यांची लहानगी लिंडा घराजवळची गोऱ्यांची शाळा सोडून, रेल्वेच्या रुळांवरून चालत जाऊन बस धरायची आणि लांबच्या शाळेत जायची. त्या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला आणि वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. तो जगप्रसिद्ध ब्राऊन खटला तो हाच. जॉन तेव्हा २० वर्षांचा, कॉलेजात शिकणारा. म्हणजे निकालाचा त्याच्या शाळेला काही उपयोग झाला नाही.

आता एक गंमत बघा. टोपिकाचे हायस्कूल मात्र दोघांचे एकच होते. एकच इमारत, एकच वर्ग. वरून पाहणाऱ्याला वाटावे, इथे भेदभाव नाही. पण बास्केटबॉलचे संघ दोन, काळ्या मुलांचा वेगळा. ही पद्धत १९४९ पर्यंत चालली. आणि संघापेक्षाही वाईट भेद होता तो दिसायचाच नाही. तो अभ्यासक्रमाच्या निवडीत होता.

जॉनला लहानपणापासून वस्तू उघडून बघायचा नाद. मासिकात वाचून खटपटी करायच्या, बिघडलेले रेडिओ दुरुस्त करायचे. लोकांचे रेडिओ दुरुस्त करून तो चार पैसे मिळवू लागला, त्याच पैशांतून पुढे कॉलेजच्या खर्चाला हातभार लागला. त्याला इंजिनिअर व्हायचे होते आणि तसे तो सांगतही होता. शाळेतल्या सल्ला देणाऱ्यांनी काय करावे? त्यांनी त्याला धंदेशिक्षणाच्या तुकडीत घातले. काळा मुलगा, हाताला कसब आहे, मेकॅनिक होईल, पोट भरेल, असा त्यांचा हिशेब. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकलले नाही. उलट आपण मुलाचे भलेच करतो आहोत असे त्यांना वाटत असणार! हायस्कूल संपले तेव्हा कळले, की इंजिनिअरिंगला लागणारे गणित त्याला शिकवलेलेच नाही.

हे वाचताना आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांत ओळखीचे वाटेल. दहावीला बरे गुण असलेल्या पोराला “तू आयटीआय कर, लवकर कमवायला लागशील” असा सल्ला मिळतो. आयटीआयवाल्यांनी रागावू नये. फिटर-वायरमनच्या हातावरच गिरण्या आणि कारखाने चालले, त्या कामाला कमी लेखायचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की निवड कोणी केली, मुलाने की त्याच्या आडनावाकडे बघून दुसऱ्याने? १९४२ साली व्हॉइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी नेमके हेच धरले होते. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, ते महाग आहे म्हणून सरकारने त्यासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात, ही त्यांची मागणी होती. तेव्हा जॉन स्लॉटर ८ वर्षांचा होता.

असो. मुलगा खचला नाही. गावातल्याच वॉशबर्न विद्यापीठात जाऊन त्याने राहिलेला अभ्यास भरून काढला, मग कॅन्सस स्टेटला गेला. ते विद्यापीठ मॅनहॅटन नावाच्या गावात आहे. न्यूयॉर्कचे मॅनहॅटन वेगळे. १९५६ ला विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळाली. त्याच वर्षी लग्न झाले आणि कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला कॉन्व्हेअर या विमान कंपनीत नोकरी लागली. १९६० पासून नौदलाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत. तिथे ते १५ वर्षे राहिले आणि विभागप्रमुख झाले. या नोकरीतच १९६१ ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून मास्टर्स केले आणि १९७१ ला सॅन डिएगोच्या विद्यापीठातून पीएच. डी. मिळवली. वय ३७, पदरात दोन मुले, दिवसा नोकरी. मधली दहा वर्षे कशी गेली असतील याचा अंदाज आपल्यातल्या रात्रशाळेत शिकलेल्या मंडळींना सहज येईल.

त्यांचा विषय होता संगणकाने यंत्रणेवर ताबा ठेवणे. जड नाव आहे, पण कल्पना सोपी आहे. चाळीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी घ्या. पंप चालू आहे, एक माणूस दर थोड्या वेळाने वर जाऊन पातळी बघतो आणि पंप बंद-चालू करतो. तो फार उशिराने गेला तर टाकी वाहून जाते किंवा कोरडी पडते. सारखाच जिना चढत राहिला तर दमतो. पंप बंद करायला सांगितल्यावर तो प्रत्यक्ष बंद व्हायलाही वेळ लागतो, तोही धरावा लागतो. संगणक हा तो माणूस. तो अखंड बघत नाही, ठरावीक अंतराने मोजमाप घेतो आणि हुकूम देतो. मोजमाप किती वेळाने घ्यावे, चूक दिसली तर किती जोराने सुधारावी, हे गणिताने ठरवायचे. जास्त जोर लावला तर यंत्रणा दोन टोकांमध्ये झोके खायला लागते. तेव्हा संगणक खोलीएवढे आणि मंद होते, त्यामुळे प्रत्येक आकडेमोड जपून करावी लागे. याच क्षेत्रातले ‘कॉम्प्युटर्स अँड इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग’ हे आंतरराष्ट्रीय नियतकालिक त्यांनी पुढे वर्षानुवर्षे संपादित केले. कुलगुरूपदाच्या गडबडीतसुद्धा ते काम सोडले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. खुर्ची मिळाली की विषय सुटतो, असे आपण नेहमी बघतो.

१९७५ ला ते सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक आणि विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. १९७७ ला राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात सहायक संचालक. १९७९ ला वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात प्रोव्होस्ट, म्हणजे साधारण आपल्याकडचे प्र-कुलगुरू. तिथे वर्ष होते न होते तोच राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यांना त्याच विज्ञान प्रतिष्ठानाचे संचालक नेमले. साल १९८०. १९५० ला स्थापन झालेल्या या संस्थेचे ते पहिले कृष्णवर्णीय प्रमुख.

ही संस्था काय करते हे थोडक्यात सांगायला हवे. अमेरिकेतील विद्यापीठांत जे मूलभूत संशोधन चालते त्याला सरकारी पैसा इथून जातो. त्या काळी वर्षाला सुमारे १ अब्ज डॉलर. कुणाला पैसा द्यायचा हे ठरवणारी खुर्ची! काळ्यांसाठी एकेकाळी निघालेल्या जुन्या कॉलेजांतल्या विज्ञान विभागांना बळ द्यावे, असा स्लॉटर यांचा प्रयत्न होता. पण वर्षभरात सरकार बदलले. रेगन आले आणि संस्थेच्या विज्ञान शिक्षण विभागाचा पैसा जवळजवळ पुसून टाकला गेला. शाळेतले विज्ञान सुधारणे हे केंद्र सरकारचे काम नाही, अशी नव्या सरकारची भूमिका. ज्या माणसाला शाळेने गणित शिकवले नव्हते, त्याच्याच हाताखालचा शाळांचा विभाग मोडला गेला. देशाच्या शिक्षणाची दुर्दशा सांगणारा सरकारी अहवाल १९८३ ला आला आणि त्यानंतर तो पैसा पुन्हा सुरू झाला. स्लॉटर तोवर तिथून निघाले होते.

१९८२ साली ते मेरीलँड विद्यापीठाच्या कॉलेज पार्क आवाराचे चान्सलर झाले. आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल, नावापुरते. तिकडचा हा चान्सलर म्हणजे प्रत्यक्ष कारभार पाहणारा, आपला कुलगुरूच. विद्यार्थी ३५ हजारांहून अधिक. या विद्यापीठाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १९३५ ला डोनाल्ड मरे या काळ्या तरुणाला त्यांच्या कायद्याच्या शाळेने रंगामुळे प्रवेश नाकारला. थरगूड मार्शल नावाच्या तरुण वकिलाने त्याचा खटला लढवला आणि १९३६ ला राज्याच्या सर्वात वरच्या न्यायालयात जिंकला. हेच मार्शल पुढे ब्राऊन खटल्यातले वकील आणि सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. तरीही कॉलेज पार्कात पदवीच्या वर्गात पहिला काळा विद्यार्थी बसायला १९५१ उजाडले. त्यानंतर ३१ वर्षांनी त्याच आवाराच्या प्रमुखपदी काळा माणूस बसला.

स्लॉटर यांनी काळ्या विद्यार्थ्यांची आणि अध्यापकांची भरती वाढवण्याचे काम हाती घेतले. त्यांचे लक्ष नुसत्या प्रवेशाच्या आकड्यावर नव्हते, आलेला मुलगा टिकतो का यावरही होते. इथे एक खुलासा. आपल्यासारखे ठरावीक टक्क्यांचे आरक्षण तिकडच्या प्रवेशांत नव्हते. १९७८ च्या बाकी खटल्यात न्यायालयाने राखीव जागा अवैध ठरवल्या होत्या. फक्त इतर गोष्टींबरोबर वंशाचाही विचार करता येईल, एवढीच वाट ठेवली होती. कॉलेज पार्कात काळ्या विद्यार्थ्यांसाठी १९७८ पासून बॅनेकर शिष्यवृत्ती होती. बेंजामिन बॅनेकर हे अठराव्या शतकातले मेरीलँडचेच स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थ, स्वतः गणित शिकून पंचांग छापणारे. स्लॉटर गेल्यानंतर १९९४ ला केंद्रीय न्यायालयाने ही शिष्यवृत्तीसुद्धा केवळ काळ्यांसाठी ठेवता येणार नाही असे ठरवले.

त्यांच्या कारकिर्दीतली सर्वात कठीण परीक्षा मात्र बास्केटबॉलच्या मैदानातून आली. लेन बायस नावाचा अप्रतिम खेळाडू. योगायोगाने तो आणि स्लॉटर एकाच वर्षी, १९८२ ला, कॉलेज पार्कात आले. १७ जून १९८६ रोजी व्यावसायिक संघांच्या निवडीत बोस्टन सेल्टिक्स संघाने त्याला देशात दुसऱ्या क्रमांकावर उचलले. १९ जूनला, म्हणजे दोनच दिवसांनी, कोकेनमुळे त्याचा मृत्यू झाला. वय अवघे २२. सारा देश हादरला.

मग हळूहळू दुसरी गोष्ट बाहेर आली. चार वर्षे विद्यापीठात काढूनही लेनची पदवी पुरी व्हायला बरेच अभ्यासक्रम बाकी होते. संघातल्या इतर मुलांची अवस्थाही काही वेगळी नव्हती. तिकडे कॉलेजच्या बास्केटबॉलवर तिकिटे आणि दूरदर्शनचे हक्क मिळून प्रचंड पैसा फिरतो. खेळणारी पोरे पुष्कळशी काळी. पोरगा खेळतोय तोवर त्याचा जयजयकार, वर्गात बसतो की नाही हे बघायला कुणाला वेळ नाही. जॉनला शाळेने गणिताबाहेर ठेवले होते आणि लेनला विद्यापीठाने, फरक एवढाच की लेनच्या वेळी टाळ्या वाजत होत्या.

चान्सलर म्हणून हे स्लॉटर यांच्याच कारभारात घडले होते, आणि टीका त्यांच्यावरही झाली. ती पूर्णपणे अन्यायाची होती असे म्हणता येणार नाही. चार वर्षे ते तिथे होतेच. पण त्यांनी प्रकरण दडपले नाही. अमली पदार्थांवर आणि खेळाडूंच्या अभ्यासावर चौकशी समित्या नेमल्या, खेळाडूंच्या प्रवेशाचे आणि शिकवणीचे नियम कडक केले, त्या मोसमातले सुरुवातीचे सामने लांबवले. क्रीडा विभागाच्या प्रमुखाने राजीनामा दिला. १७ वर्षे संघ सांभाळणारे लोकप्रिय प्रशिक्षक लेफ्टी ड्रीझेल यांनाही ऑक्टोबर १९८६ ला जावे लागले. चाहते खवळले. त्यांच्या जागी स्लॉटर यांनी बाल्टिमोरच्या एका हायस्कूलचे प्रशिक्षक बॉब वेड यांना आणले. अटलांटिक किनाऱ्याच्या त्या आठ विद्यापीठांच्या मंडळात बास्केटबॉलचा मुख्य प्रशिक्षक झालेले ते पहिले कृष्णवर्णीय. ही निवड मात्र यशस्वी ठरली नाही. नियमभंगाच्या चौकशीत वेड यांना १९८९ ला पद सोडावे लागले. चांगल्या हेतूने केलेली प्रत्येक नेमणूक चांगली ठरतेच असे नाही, आणि आपल्या माणसांबद्दल लिहितानाही ते लपवू नये.

१९८८ ला स्लॉटर यांनी हे मोठे विद्यापीठ सोडले आणि लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजचे अध्यक्ष झाले. तिथे विद्यार्थी दीड-दोन हजारांच्या आत. लोकांना वाटले, हे काय, पायरी उतरले! पण तिथे ते ११ वर्षे रमले. खासगी, नावाजलेले आणि पुष्कळसे गोऱ्यांचे असे हे कॉलेज, आणि भोवती मात्र मेक्सिकन, काळ्या, आशियाई वस्त्यांचे शहर. कॉलेजच्या ध्येयधोरणात चार शब्द आले : उत्कृष्टता, समता, सहजीवन आणि सेवा. पहिले दोन शब्द शेजारी-शेजारी आहेत ते मुद्दाम. सवलत दिली की गुणवत्ता घसरते, ही ओरड तिकडेही आपल्यासारखीच चालते. स्लॉटर यांचे म्हणणे, समता नसेल तर तुमची उत्कृष्टता अपुरी आहे, कारण तुम्ही अर्ध्या शहराकडे बघितलेलेच नाही. त्यांच्या काळात हे कॉलेज देशातल्या सर्वात मिश्र विद्यार्थीवर्ग असलेल्या नामवंत कॉलेजांत गणले जाऊ लागले. १९९२ ला शहरात भीषण वांशिक दंगल झाली, १९९६ ला कॅलिफोर्नियाने मतदान करून सरकारी विद्यापीठांतले वंशाधारित प्राधान्य बंद केले. ऑक्सिडेंटल खासगी असल्याने तो कायदा त्याला लागू नव्हता, काम चालू राहिले.

निवृत्तीनंतर माणसे नातवंडांत रमतात. स्लॉटर यांनी २००० ला ‘नॅक्मे’ या संस्थेची धुरा घेतली. १९७४ ला स्थापन झालेली ही संस्था काळ्या, लॅटिनो आणि मूळनिवासी मुलांना इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देते. २००९ पर्यंत ते तिचे प्रमुख होते. पैसा बहुतेक मोठ्या कंपन्यांकडून यायचा, आणि कंपन्यांच्या दारात कसे बोलायचे हे त्यांना ठाऊक होते. आयबीएमच्या संचालक मंडळावर त्यांनी काम केले होते. तिथेही अडचण तीच : हायस्कुलात वरचे गणित न घेतलेली मुले इंजिनिअरिंगच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. टोपिकात १९५१ ला जे झाले, ते पन्नास वर्षांनीही कितीतरी शाळांत होतच होते.

२०१० ला, वयाच्या ७६ व्या वर्षी, ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात पुन्हा प्राध्यापक झाले. शिक्षणशास्त्र आणि अभियांत्रिकी अशा दोन्ही शाखांचे एकाच वेळी. २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्याची १९७८ पासूनची वाट बंद केली. त्यानंतर पाच महिन्यांनी स्लॉटर गेले, वयाच्या ८९ व्या वर्षी. तारीख ६ डिसेंबर. योगायोगच तो. चैत्यभूमीवर आपण रांगेत उभे होतो त्या दिवशी.